ॲक्सिलरेट करताना येणारा सूंऽऽ आवाज: गिअरबॉक्स न उतरवता सुटलेलं कोडं

गाडी माझी, जुनी पेट्रोल हॅचबॅक, 5 गिअरची मॅन्युअल. इंजिन 2000 आरपीएमच्या वर गेलं की बॉनेटखालून बारीक सूंऽऽ सुरू व्हायचं आणि ॲक्सिलरेटर दाबत जाऊ तसं चढत जायचं. पुण्यात नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना तर गाणी चालू असूनही ऐकू यायचं. एका गॅरेजमध्ये दाखवलं. दोन मिनिटांत निकाल मिळाला, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

माझं मत वेगळं आहे. आवाज कशाबरोबर चढतो आणि कशाबरोबर उतरतो हे ठरल्याशिवाय काहीही उघडू नये. इंजिनचे फेरे, गाडीचा वेग आणि इंजिनवरचा लोड ही तीन कारणं आधी वेगळी करायची. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त मोकळा रस्ता लागतो.

रविवारी पहाटे बाह्यवळणावर गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये 40 च्या आसपास 3000 आरपीएम, चौथ्यात 80 ला पुन्हा 3000. दोन्ही वेळा सूर तोच. मग 60 ला क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली. इंजिन आयडलला आलं, आवाज गायब, गाडी मात्र 60 नेच चाललेली. म्हणजे टायर, चाकांची बेअरिंग आणि फायनल ड्राइव्ह (चाकांकडे फेरे नेणारी शेवटची गिअरजोडी) यादीतून बाद. पार्किंगमध्ये उभ्या गाडीत न्यूट्रलला 3000 पर्यंत नेलं, तिथेही तोच सूर. क्लच दाबला-सोडला तरी फरक नाही. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून इंजिनचे फेरे आत घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग असतं तर क्लच दाबल्यावर आवाज थांबायला हवा होता. गिअरबॉक्स निर्दोष सुटला!

आता उरला इंजिनचा पुढचा भाग. स्टिअरिंग इलेक्ट्रिक असल्यामुळे पॉवर स्टिअरिंगचा पंपच नाही. एसीचा बेल्ट वेगळा आणि एसी चालू-बंद करून काही बदलत नव्हतं. दुसऱ्या बेल्टवर अल्टरनेटर (गाडीसाठी वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा) आणि वॉटर पंप. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर एकदम चालू केले, तर आवाज स्पष्ट वाढला. संशय अल्टरनेटरवर.

इथे थोडं थांबायला हवं, कारण अल्टरनेटर दोन प्रकारे ओरडतो. डायोड (अल्टरनेटरच्या एसी विजेची डीसी करणारा भाग) गेला तर विजेचा आवाज, नाहीतर बेअरिंगचा. 12 पोलच्या अल्टरनेटरमध्ये तीन फेजचं रेक्टिफिकेशन, म्हणजे एसीचं डीसी, झाल्यावर एका फेऱ्यात 36 स्पंदनं येतात. माझी क्रँक पुली 140 मिमी, अल्टरनेटरची 56, म्हणजे गुणोत्तर 2.5. इंजिन 3000 ला तर अल्टरनेटर 7500 ला, सेकंदाला 125 फेरे, म्हणजे 4500 हर्ट्झ. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप लावलं. 4500 ला उठावदार रेघ नव्हती, त्याच्या बरंच खाली जाड, पसरट पट्टा होता. मल्टिमीटरनेही दुजोरा दिला. चार्जिंग 14.2 व्होल्ट आणि मीटरच्या एसी व्होल्टेज रेंजवर रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली चढउतार, नगण्य. डायोड ठीक.

मग थंड इंजिनवर बेल्ट काढून जेमतेम अर्धा मिनिट चालवलं. वॉटर पंप बंद असतो, म्हणून त्याहून जास्त चालवायचं नाही. पूर्ण शांतता. आता पंप की अल्टरनेटर? हाताने फिरवून बघितलं. पंपाची पुली गुळगुळीत फिरली, हलवून बघितलं तर खेळ नाही. अल्टरनेटरची पुली मात्र बोटांना खरखर जाणवत फिरत होती, आत रवा सांडल्यासारखी.

अल्टरनेटर उतरवताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, अल्टरनेटरच्या जाड वायरला कायम करंट असतो. पुलीचा नट घरी सुटत नाही, शाफ्टच फिरतो. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे इम्पॅक्ट गनने क्षणात निघाला. बॉडीच्या दोन्ही अर्ध्यांवर मार्करने एक रेघ मारली आणि मगच स्क्रू काढले, म्हणजे बसवताना चुकत नाही. कार्बन ब्रश अर्ध्याहून जास्त शिल्लक होते, तेच ठेवले.

अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग 6303 नंबरचं, मागचं 6202. जुनं 6303 कानाशी धरून फिरवलं तर खर्रर्र! सील उचकटून पाहिलं, ग्रीस आटून तपकिरी झालेलं, बॉलच्या वाटेवर बारीक खड्डे. नाना पेठेत जाऊन दोन्ही नवी आणली, 2RS (दोन्ही बाजूंना रबर सील) C3. C3 मुद्दाम मागून घ्या. त्यात आतला गॅप जरा जास्त असतो, आणि अल्टरनेटर तापल्यावर तो लागतो. बनावट बेअरिंगं बाजारात भरपूर आहेत, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि बिल घेऊन. दोन्ही मिळून खर्च हजाराच्या आत. बसवताना पुढच्याला दाब फक्त बाहेरच्या रिंगवर, मागचं शाफ्टवर चढतं म्हणून आतल्या रिंगवर. चुकीच्या रिंगवर ठोकलं तर नवं बेअरिंग तिथेच खराब होतं.

बेअरिंग का गेलं, तर माझ्या मते बेल्टमुळे. गेल्या पावसाळ्यात बेल्ट चूं करत होता म्हणून गॅरेजमध्ये तो करकचून ताणला गेला होता. चूं करणारा बेल्ट आधी तपासावा, चकाकी आलेला किंवा तडे गेलेला असेल तर बदलावा. नुसता ताणला की सगळा भार पुढच्या बेअरिंगवर येतो. नवा बेल्ट आता मॅन्युअलमधल्या मापाने बसवला आहे, अंगठ्याने दाबल्यावर साधारण 8 ते 10 मिमी दबतो.

बोगद्याची चढण पुन्हा केली, तिसऱ्या गिअरमध्ये 3500 पर्यंत. सूंऽऽ नाही, फक्त इंजिनचा आवाज. रिव्हर्समध्ये थोडी शिट्टी येते, पण रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असल्यामुळे ती बहुतेक गाड्यांत असतेच.

मोठा आवाज गेल्यावर एक बारीक घुरघुर मात्र आता कानावर येतेय. 60 च्या पुढे, क्लच दाबला तरी तशीच, आणि उजव्या वळणावर वाढते. म्हणजे भार डावीकडे गेल्यावर. पुढचा नंबर डाव्या चाकांच्या बेअरिंगचा. पुढचं की मागचं, हे जॅकवर चढवून ठरवतो.