सराउंडच्या वायरी बदलल्या, पुढच्या राहू दिल्या

होम थिएटरच्या उजव्या सराउंडची, म्हणजे मागच्या कोपऱ्यातल्या स्पीकरची, कुरबुर अखेर सापडली. कॅलिब्रेशन (माइक लावून स्पीकरांची लेव्हल जुळवणं) केलं की एव्हीआर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना चालवणारा ॲम्प्लिफायर, त्याला दर वेळी डाव्यापेक्षा १ डीबी (डेसिबल) जास्त द्यायचा, तरी त्याचा आवाज भरडाच. दोन्ही स्पीकरांची अदलाबदल करून पाहिली, दोष उजव्या कोपऱ्यातच राहिला. म्हणजे स्पीकर ठीक, संशय वायरीवर.

खोली १८ बाय १२ फूट. पण वायर सरळ थोडीच जाते? एव्हीआरपासून भिंतीवर चढते, छताच्या कडेने फिरते, दाराची चौकट टाळून मागे उतरते. उजवीकडे १४ मीटर, डावीकडे ११. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून तांबं दुप्पट धरायचं: २८ आणि २२ मीटर. सेटबरोबर आलेली वायर ०.५ स्क्वेअर एमएमची आहे. १ स्क्वेअर एमएम तांब्याला मीटरमागे साधारण १७ मिलिओहम पडतात, तर हिला ३४. या हिशेबाने उजवीकडे ०.९५ ओहम निघायला हवेत, डावीकडे ०.७५.

इतका कमी रेझिस्टन्स साध्या मल्टीमीटरवर नीट कळत नाही, त्याच्या प्रोबच्या वायरीच मध्ये घोळ घालतात. दोन्हीकडून वायर सोडवली, मागची टोकं एकमेकांना जोडली, पुढून बेंच सप्लायवरून (करंट ठरवून देता येणारा पॉवर सप्लाय) बरोबर १ अँपिअर सोडला आणि तिथेच व्होल्टेज मोजलं. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम. डावीकडे ७७० आले, हिशेबाला धरून. उजवीकडे १४०० च्या आसपास, आणि केसिंग पट्टीवर (वायर झाकणारी प्लॅस्टिकची पट्टी) टिचकी मारली की आकडा नाचायचा.

पट्टी उघडली तर खिडकीशेजारी चक्क जोड. पूर्वी कोणीतरी वायर कमी पडली म्हणून तुकडा पिळून वर टेप गुंडाळली होती. टेपचा डिंक वितळून हाताला चिकटत होता, आत तांबं काळं पडलेलं, कडेला हिरवट बुरशीसारखा थर. त्याच खिडकीत आमचा कूलर बसतो. मार्च ते जून वाळ्याच्या ताट्यांतून आलेली दमट हवा त्या जोडावरून वाहते. नागपुरात ज्यांच्या वायरी कूलरच्या खिडकीवरून गेल्या आहेत त्यांनी एकदा पट्टी उघडून बघाच.

आता, १.४ ओहमने बिघडतं काय? फक्त आवाज कमी झाला असता तर एव्हीआरने लेव्हल वाढवून भागलं असतं. पण स्पीकरवर ६ ओहम लिहिलेलं असलं तरी इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा करंटला होणारा विरोध, फ्रिक्वेन्सीनुसार वरखाली होतो, माझ्याकडे अंदाजे ४ पासून २० पर्यंत. जिथे ४ आहे तिथे वायर २.६ डीबी खाते, जिथे २० आहे तिथे जेमतेम ०.६. म्हणजे आवाजाचा पोतच बदलतो. भरडेपणा तिथून.

नवी वायर म्हणून मी घरच्या वायरिंगचीच घेतली: २.५ स्क्वेअर एमएम, मल्टिस्ट्रँड, लाल आणि काळी, इतवारीतून मीटरवर कापून. अख्खी कॉइल ९० मीटरची असते, तेवढी कशाला? दुकानात 'स्पीकर वायर' मागितली की जाडजूड पारदर्शक रीळ पुढे येतं. त्याची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, त्याच जाडीत रेझिस्टन्स जवळपास दीडपट. हातात घेतलं तरी हलकं लागतं.

लाल आणि काळी एकमेकींना पीळ द्यायचं काम संध्याकाळी गच्चीवर केलं. दुपारच्या उन्हात पीव्हीसी लोळागोळा होतं. एक टोक ग्रिलला बांधलं, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये धरून अगदी सावकाश फिरवलं. पिळाने लांबी घटते, म्हणून दहा टक्के जास्तच घ्या. पट्टी नवी लावली, लाइटच्या वायरिंगपासून वेगळी. मेन्सच्या पाइपात स्पीकरची वायर घालू नका, आवाज राहिला बाजूला, जिवाचा प्रश्न आहे.

खरी कटकट टोकांची. सराउंडच्या मागे स्प्रिंग क्लिप आहे, तिच्या भोकात २.५ ची वायर शिरत नाही. काही जण तारा कापून बारीक करतात, मला ते पटत नाही. पिन थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची बारीक पिन) क्रिंप करून, म्हणजे दाबून, घातली, घट्ट बसली. एव्हीआरकडे बनाना प्लग (टर्मिनलच्या भोकात सरळ घुसणारा). एखादी तार सुटून शेजारच्या टर्मिनलला लागली तर एव्हीआर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, ते टॉर्च मारून तपासलं.

लाल-काळं उलटं नाही ना, हे बघायला एव्हीआरकडची टोकं प्लग सोडून १.५ व्होल्टच्या सेलला क्षणभर लावली. जाळी काढलेल्या स्पीकरपुढे पुतण्याला बसवलं होतं.

"काका, कोन बाहेर येऊन राहिला!"

कोन म्हणजे स्पीकरचा पडदा. तो बाहेर आला, म्हणजे जोडणी बरोबर.

नव्या मापात उजवीकडे ०.२ ओहम. कॅलिब्रेशनमध्ये उजवा दीड डीबीने खाली आला, डावा अर्ध्याने, आता दोघे सारखे. पावसाच्या सीनमध्ये थेंब उजवीकडेही सुटे सुटे पडतात. जोडाचा वाटा किती आणि जाडीचा किती, हे मी वेगळं केलेलं नाही.

मित्र म्हणतो, "आता पुढच्या पण बदलून टाक ना भाऊ, काहून अर्धवट ठेवतो?" पुढच्या स्पीकरांच्या वायरी ३ मीटरच्या, १.३ स्क्वेअर एमएम. जाण्यायेण्याचे ०.०८ ओहम. २.५ टाकली तर ६ ओहमवर फरक पडेल ०.०६ डीबी. नाही बदलणार. तोच मित्र उन्हाळ्यात आवाज बिघडतो असंही म्हणतो. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे ०.४ टक्क्याने वाढतो खरा, पण पट्टीत २० चे ५० अंश झाले तरी माझे ०.२ ओहम ०.२२ होतील. मे महिन्यात बिघडतो तो कूलरच्या घरघरीने.

पुढचं काम म्हणजे सराउंडच्या स्प्रिंग क्लिप काढून बाइंडिंग पोस्ट (फिरवून घट्ट करायचं टर्मिनल) बसवणं. मागची खाच मोजून ठेवली आहे, ५ मिलिमीटरची पट्टी तिथे बसेल. ॲक्रिलिक की हायलम (कडक इन्सुलेटिंग शीट) ते ठरायचंय, कोणी केलं असेल तर सांगा.