भीती वाटते की

"ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

रविवारची उपासना संपली की आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात कुणीतरी हळूच बाजूला घेऊन हे विचारतं. विचारणारी बहुधा तरुण असते आणि तिच्या घरात कुणीतरी अंथरुणावर असतं. आमच्या ह्यांचं डायलिसिस सहा वर्षं चालू आहे, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. महिला सभेत प्रार्थना करताना माझा आवाज कापत नाही, हेही त्यांनी पाहिलेलं असतं. त्यावरून त्या जे समजतात ते मात्र साफ चूक आहे.

भीती वाटते. रोज सकाळी वाटते. ह्यांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी. त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय. उठल्यावर चहाच्या आधी मी ती बघते. हे झोपेत असतात. माझी बोटं थंड असली की मला लगेच काही जाणवत नाही, आणि ते दोन-चार सेकंद मी कुणालाच सांगू शकणार नाही असे असतात. मग थरथर लागते, नि मी गॅसकडे वळते.

सुरुवातीच्या वर्षी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भावांनी घरी येऊन प्रार्थना केली आणि जाताना दारात म्हणाले, "विश्वास कुठेतरी कमी पडतोय, ताई." मी त्यांना सलाम केला, दार लावलं आणि पुढचे दोन महिने प्रार्थना सभेला गेले नाही. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर किती शहाणे होते! तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नाही. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

त्या दोन महिन्यांत घरी बसून बायबलमधली स्तोत्रसंहिता वाचली. आधी मला तेविसावं आणि एकशे एकविसावं, एवढीच तोंडपाठ. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश रडगाणी आहेत, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. तेराव्या स्तोत्रात लागोपाठ चार वेळा "किती वेळ?" असं विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी 'तरीही मी तुझी स्तुती करीन' वगैरे काही नाही. ते वाचून मला जे बरं वाटलं ते कुठल्याही प्रवचनाने वाटलं नव्हतं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली. मग मीच का धीट दिसायचं?

पंडिता रमाबाई आम्हाला संडे स्कूलमध्ये विजयाची गोष्ट म्हणून शिकवल्या: केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली. आता वाचताना मला मधली माणसं दिसतात. १८७४च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, मग बहीण. १८८०मध्ये भाऊ. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच १८८२मध्ये नवरा. आणि १९२१मध्ये एकुलती एक मनोरमा, जिच्या हाती सगळं सोपवायचं ठरलं होतं ती. तेव्हा बाईंचं हिब्रू-ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराचं काम शेवटाला आलं होतं. ते त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. मुलगी गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत पहाटे त्यांना काय वाटत असेल, हा माझा प्रश्न आहे. भीती वाटत नव्हती, असं मला कुणी सांगू नये.

मग भरवसा म्हणजे काय करता, असं विचाराल. माझं उत्तर स्वयंपाकघरातलं आहे. ह्यांना दिवसाला एकच लिटर पाणी चालतं. सकाळी बाटली भरून ठेवायची. चहा, औषधाचे घोट, आमटी, सगळं त्यातूनच वजा. उन्हाळ्यात चार वाजेपर्यंत बाटली संपते आणि आमची भांडणं होतात, तेही सांगून टाकते. पण उद्याचं पाणी आज प्यायचं नाही, हा नियम आहे. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, तोही असाच रोजच्या रोज मिळायचा. सकाळसाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडायचे.

एकदा बाटली भरतानाच प्रभूची प्रार्थना म्हणत होते आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे अडले. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं वाक्य. त्यात 'रोजची'ही आहे आणि 'आज'ही आहे. महिन्याचं, वर्षाचं काही नाही. तेव्हापासून मी पाच वर्षांचं मागणं सोडलं. म्हणजे सोडलं असं म्हणते, पण रात्री दोनला जाग आली की पाचही वर्षं उशाशी येऊन बसतात. मग मी देवाशी भांडते, अगदी मोठ्याने, अर्थात मनातल्या मनात, कारण हे जागे होतील. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा काढून टाक म्हणून प्रभूला तीनदा विनवलं होतं. मी मोजायचं सोडून दिलंय.

मंगळवार आणि शुक्रवार आमचे मशीनचे वार. चार तास. शेजारच्या खुर्चीवर नवीन माणूस आला की त्याच्या बायकोचा चेहरा मला लगेच ओळखू येतो. मी शास्त्रवचन सांगत नाही. डबा उघडून तिच्यापुढे अर्धी भाकरी करते. कधी ती घेते, कधी नको म्हणते. मशीनचा अलार्म वाजला की आम्ही दोघी एकदम दचकतो.