मानहाइमच्या बाजारात बीटलचा अँटेना

व्हेटेरामाला जायचं तर उजाडायच्या आत पोचा, असं जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेला प्रत्येक जण सांगतो. जर्मनीत मानहाइमच्या माइमार्क्ट मैदानावर ऑक्टोबरमध्ये जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा हा प्रचंड बाजार भरतो. मी पोचलो तेव्हा अंधारच होता, तरी गल्ल्यांमधून टॉर्च फिरत होते. कुणी गुडघ्यांवर बसून खोक्यातले कार्ब्युरेटर उलटेपालटे करतंय, कुणी बंपर खांद्यावर टाकून निघालंय. चांगला माल उजाडायच्या आधी जातो म्हणतात. मला ते फारसं पटलं नाही. अंधारात क्रोम सगळाच चकाकतो.

मला हवा होता १९६३ च्या फोक्सवागन बीटलसाठी रेडिओचा अँटेना. पत्र्याचं काम, रंग, इंजिन सगळं झालेलं, डॅशबोर्डमध्ये त्या काळचा ब्लाउपुंक्ट कंपनीचा रेडिओही बसलेला. पत्र्याचं काम चालू असताना डाव्या बाजूला, दाराच्या जरा पुढे, जुन्या रंगाखालून एक बुजवलेलं भोक निघालं होतं. म्हणजे या गाडीला अँटेना होता, आणि कुठे होता तेही कळलं. कारागीर ते वेल्डिंगने कायमचं बंद करायला निघाला होता. मी ते तसंच ठेवायला लावलं आणि पुठ्ठ्यावर त्याचा साचा काढून घेतला. तो साचा खिशात घेऊनच बाजारात हिंडत होतो.

‘क्लासिक’ म्हणून नवे अँटेने हवे तेवढे मिळतात. लांबून बरे दिसतात, पण बूड प्लास्टिकचं, केबल कुठलीही. रबराची आखूड काडी तर बीटलवर बघवत नाही. मोटर लावलेले वर-खाली होणारे अँटेने खूप देखणे असतात, मोह होतोच. पण १९६३ ची बीटल ६ व्होल्टची आणि बाजारातल्या बहुतेक मोटरी १२ व्होल्टच्या. तेव्हा हाताने ओढायचा, टेलिस्कोपसारख्या नळ्यांचा, एवढं ठरलेलं होतं.

चालता चालता अँटेन्याचा इतिहासच समोर येत गेला. एका ठिकाणी युद्धापूर्वीच्या अमेरिकन गाडीचा सांगाडा होता, छपराच्या लाकडी पट्ट्यांमध्ये तारेची जाळी ताणलेली. तोच तिचा अँटेना. तेव्हा छपराचा मधला भाग कापडाचा असे, म्हणून लहरी आत येत. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांपासून अखंड पोलादी छप्पर आणलं आणि जाळीचं काम संपलं. मग पायरीच्या फळीखाली अँटेना लपवून बघितला गेला. तिथे चिखल. शेवटी अँटेना बाहेर आला, उभा राहिला. पुढे १९७० च्या सुमारास काही अमेरिकन गाड्यांत तो समोरच्या काचेतली बारीक तार होऊन पुन्हा दिसेनासा झाला. आपल्या डोळ्यांपुढे ‘जुनी गाडी’ म्हटल्यावर जी क्रोमची छडी येते, तिचं राज्य खरं तर मधल्या काही दशकांपुरतंच.

जर्मन छडीची आणखी एक गंमत आहे. युद्धानंतर १९४८ च्या कोपनहेगन कराराने जर्मनीच्या वाट्याला मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) फारच थोड्या फ्रिक्वेन्सी आल्या, म्हणून हे लोक लवकर एफएमकडे वळले. १९४९ मध्येच तिथे एफएम केंद्रं सुरू झाली आणि १९५३ मध्ये बेकर कंपनीने ‘मेक्सिको’ हा एफएमचा कार रेडिओ आणला. एफएमला १०० मेगाहर्ट्झच्या आसपास पाव तरंगलांबी म्हणजे ७५ सेंटिमीटर छडी लागते. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर. तिथे छडी किती का असेना, अपुरीच. ओढून लांबी बदलता येणारा अँटेना दोन्हींना चालतो.

उजाडल्यावर एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे लांबट खोकं भरून अँटेने दिसले. हिर्शमान, विसी, काहींवर नावच नाही. काहींना किल्ली होती: छडी पूर्ण आत जाते आणि किल्लीशिवाय वर येत नाही, म्हणजे रस्त्यावरची पोरं वाकवणार नाहीत. मी छड्यांचा चकचकीतपणा बघत होतो. आजोबांनी माझ्या हातातली छडी काढून घेतली आणि उलटी करून बूड दाखवलं. छडी पितळेची, तिला पुन्हा क्रोम करता येतं. बूड जस्ताच्या ओतकामाचं. त्याला एकदा फोड आले की क्रोमवाला हात लावत नाही. मग त्यांनी केबल दाखवली. आतली तार केसासारखी, भोवती बरीचशी हवा. मध्यम लहरींवर एवढ्याशा छडीला मिळणारा क्षीण सिग्नल साध्या केबलच्या कपॅसिटन्समध्येच, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवण्याच्या गुणातच, जिरतो, म्हणून ही खास केबल. ती कापलेली असेल, मध्ये जोड असेल, तर छडी कितीही सुंदर असो, ठेवून द्यायची.

साचा बाहेर काढला. चार-पाच बुडं लावून बघितली. एक बसलं, तेही गाडीच्या उताराशी जुळेल असं वळवता येणारं. त्याची छडी थोडी डगडगत होती, दुसऱ्या अँटेन्याची घट्ट होती. आजोबा दोन्ही खोलून अदलाबदल करायला तयार. मी नको म्हटलं. आतली स्प्रिंगची पट्टी बदलली की डगडग जाते, आणि एकत्र म्हातारे झालेले भाग वेगळे करू नयेत असं माझं आपलं मत.

मल्टीमीटर त्यांच्याकडेच होता. टोकापासून पिनपर्यंत मार्ग सलग, आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात काहीच नाही. हवं तसंच. बुडाखालचा रंग खरवडून पत्र्याशी नीट अर्थिंग करायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं. गाडीला नवा रंग दिलेल्या माणसाला हे ऐकवत नाही. बसवल्यावर १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं कमजोर केंद्र लावून रेडिओचा ट्रिमर स्क्रू, म्हणजे रेडिओ अँटेन्याशी जुळवून घ्यायचा स्क्रू, आवाज सगळ्यात मोठा होईपर्यंत फिरवायचा. “इथे मात्र नका फिरवत बसू,” ते हसले, “काही लागायचं नाही.” खरंच होतं. डॉइचलांडफुंक या जर्मनीच्या राष्ट्रीय रेडिओनेही २०१५ च्या अखेरीस मध्यम लहरींचं प्रसारण थांबवलं.

बुडाखालची रबरी गादी मात्र त्यांच्याकडे नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे मिळाली, नवी कोरी. रबराच्या बाबतीत मी त्या काळचं काही शोधत नाही.