क्लाराचं बॉग: आधी म्युझियम बघा, मग दलदल

आयर्लंडला येऊन समुद्रकड्यांऐवजी दलदल, म्हणजे इथलं बॉग, बघायची म्हटल्यावर बरोबरचे दोघं डब्लिनमध्येच थांबले. मी एकटाच ह्यूस्टन स्टेशनवरून गॉलवेच्या गाडीत बसलो आणि तासाभराने ऑफली परगण्यातल्या क्लाराला उतरलो. परतीची वेळ आधीच बघून ठेवा, कारण सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत.

गावाबाहेर, अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर, दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट बांधली आहे. एक फेरी किलोमीटरभराची. पहिली दहा मिनिटं माझी निराशाच झाली. नजर जाईल तिथवर तपकिरी सपाटी आणि कान सुन्न करणारा वारा. इथे उभं राहून काही दिसत नाही, हे जरा उशिराच लक्षात आलं. मग सरळ फळ्यांवर पोटावर आडवा झालो.

नाकासमोर दवबिंदू! ही कीटक खाणारी वनस्पती. नखाएवढं लालसर पान, त्यावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानात चिलट अडकलं होतं आणि अजून पाय झाडत होतं. या बॉगला फक्त पावसाचं पाणी मिळतं, त्यात पोषण जवळपास नाहीच. मग नायट्रोजन मिळवायचा तो असा.

शेजारी स्फॅग्नमची गादी. हे शेवाळ बोटाने दाबलं तर भसकन पाणी वर येतं, बोट काढलं की गादी पुन्हा फुगते. कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी ते धरून ठेवतं. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा जखमांवर बांधायला हेच वापरलं होतं. मेलेलं शेवाळ इथे धड कुजत नाही, कारण पाणी आम्लधर्मी आणि त्यात ऑक्सिजन नसल्यात जमा. त्याचे थर दबून पीट होतं, वर्षाला साधारण 1 मिलिमीटर. म्हणजे मीटरभर खाली हजार वर्षं! क्लाराला काही ठिकाणी खोली 10 मीटरच्या आसपास आहे. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के पीटभूमी, पण तिच्यात सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. चर खणून पाणी काढलं की हवा आत शिरते आणि तो कार्बन सुटायला लागतो.

फोटोच्या नादात माझा एक पाय फळीवरून घसरला तो थेट गुडघ्यापर्यंत आत. ओढून काढला तर मोजा वर आला, बूट खालीच. हाताने चाचपून काढावा लागला. फळी सोडू नका. बूट जातो हे एक, आणि शेवाळही तुडवलं जातं. ओल्या लाकडावर पाय सटकतो, म्हणून चांगल्या पकडीचे बूट घाला. मे-जूनमध्ये कापूसगवत पांढरं फुलतं, ऑगस्टमध्ये हेदर नावाचं झुडूप जांभळं. उन्हाळ्यात चिलटांसाठी मलम न्या. वाटेजवळ खायला काही मिळत नाही, थर्मास भरून घ्या.

दलदलीच्या कडेला एका जागी पीटची जुनी कापणी दिसते, चॉकलेटच्या वडीसारखी उभी काळी भिंत. लाकूड कमी असलेल्या या देशात पिढ्यान् पिढ्या चूल वाळलेल्या पीटवर पेटली. श्लान नावाच्या अरुंद कुदळीने ओल्या विटा कापायच्या आणि वाऱ्यावर वाळवायच्या. सरकारी कंपनी बोर्ड ना मोनाने 2021 मध्ये पीट काढणं बंद केल्याचं जाहीर केलं. त्यावर ज्यांची पोटं चालत होती, त्यांच्यासाठी हा प्रश्न नुसता निसर्गाचा नाही.

माझी खरी चूक क्रमाची झाली. डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरचं पुरातत्त्व म्युझियम मी दुसऱ्या दिवशी बघितलं. ते आधी बघा, म्हणजे फळीवर उभं राहताना खाली काय असू शकतं ते डोळ्यांसमोर असेल. 2003 मध्ये क्लोनीकॅव्हन आणि ओल्ड क्रोहन या दोन ठिकाणी पीटमध्ये सापडलेले दोन पुरुष तिथे आहेत, सुमारे 2,200 वर्षांपूर्वी मारलेले. पीटने कातडी चामड्यासारखी कमावली आहे. क्लोनीकॅव्हनच्या माणसाच्या केसांना राळ लावलेली. ओल्ड क्रोहनच्या माणसाचं डोकं नाही, पण हात शाबूत, नखं नीट राखलेली. मी नकळत माझी बघितली; त्यांत अजून क्लाराचा काळा गाळ होता.

म्युझियमला प्रवेश मोफत आहे, वेळा मात्र बघून जा. बरोबर लहान मुलं असतील तर या दालनात नेण्याआधी त्यांना थोडी कल्पना द्या.