गुडघेबदलानंतरची पहिली रात्र आणि नर्व्ह ब्लॉक

मावशीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे आणि "तुझ्या आईला मांडीत इंजेक्शन दिलं होतं म्हणे, ते मीही मागून घेऊ का?" असे तिने विचारले आहे. फोनवर दोन वाक्यांत सांगून भागण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आईचे दोन्ही गुडघे बदलले, पण काही वर्षांच्या अंतराने आणि निरनिराळ्या रुग्णालयांत; उजवा नर्व्ह ब्लॉकशिवाय, म्हणजे मज्जातंतू बधिर करणाऱ्या त्या मांडीतल्या इंजेक्शनशिवाय, आणि डावा ब्लॉक देऊन. दोन्ही वेळी रात्री तिच्या उशाशी मीच होते.

उजव्या गुडघ्याच्या वेळी शस्त्रक्रियेसाठी कण्यात दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनचा असर संध्याकाळी उतरला आणि मग वेदनेवर अफूवर्गातल्या औषधांखेरीज फारसा उपाय उरला नाही. त्यांनी दुखणे कमी झाले, पण आईला उलट्या होत राहिल्या, ती ग्लानीत गेली आणि मध्यरात्री मला माझ्या आजीच्या नावाने हाक मारू लागली. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आले तेव्हा पाय उचलायलाच ती तयार होईना. गुडघा वाकवण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून व्हावे लागतात, आणि ते वेदनेपायी राहून गेले की पुढे सांधा आखडण्याची भीती असते. म्हणून वेदना आवरणे ही केवळ रुग्णाच्या सोयीची बाब नाही, तो उपचाराचाच भाग आहे, असे मी ठामपणे म्हणते.

डाव्या गुडघ्याच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडम खाटेशी बसून बोलल्या. गुडघ्यातून निघणारा वेदनेचा संदेश मज्जातंतूंमधून वर जातो; तंतूभोवती बधिरीकरणाचे औषध सोडले की सोडियमचे कण तंतूच्या आत शिरू शकत नाहीत आणि संदेश तिथेच थांबतो. पूर्वी यासाठी जांघेजवळच्या फिमोरल तंतूला ब्लॉक देत असत. त्याने वेदना चांगली थांबते, पण गुडघा सरळ करणारा मांडीचा पुढचा स्नायूही लुळा पडतो आणि उभे राहताना रुग्ण कोसळू शकतो. आता बहुतेक ठिकाणी त्याखाली, मांडीच्या मध्यावर आतल्या बाजूला, ॲडक्टर कॅनॉलमध्ये औषध देतात. तिथे मुख्यत्वे संवेदना वाहणारे तंतू असल्यामुळे स्नायूची ताकद बरीचशी टिकते. गुडघ्याच्या मागच्या भागातले दुखणे मात्र याने जात नाही. त्यासाठी गुडघ्यामागची रोहिणी आणि सांध्याचे आवरण यांच्यामध्ये वेगळे औषध सोडतात, त्याला आयपॅक म्हणतात. आईला हे दोन्ही दिले. बधिरीकरणाची कल्पना जुनीच आहे. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ साली कोकेनने डोळा बधिर करून दाखवला होता. सुई नेमकी कुठे पोचली हे सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहता येणे ही मात्र अलीकडची सोय. "काळं गोल काहीतरी धडधडत होतं आणि मॅडम म्हणाल्या, आजी, ही तुमची रक्तवाहिनी, औषध तिच्या शेजारी जातंय," असे आईने नंतर मला सांगितले.

त्या संध्याकाळी आई वॉकर धरून, दोन्ही बाजूंना माणसे असताना, दारापर्यंत चालली. नडगीच्या आतल्या बाजूवरून मी बोट फिरवले तर तिला कळत नव्हते. असा भाग बधिर असेतो तिथे गरम पिशवीचा शेक देऊ नये, चटका बसला तरी रुग्णाला समजत नाही.

चूक झाली ती आमच्याकडून, आणि ती मावशीने करू नये म्हणूनच हा सारा खटाटोप. रात्री सिस्टर गोळ्या घेऊन आल्या तेव्हा आई म्हणाली, "दुखतच नाही तर गोळी कशाला?" मलाही ते पटले आणि गोळ्या तशाच बाजूच्या टेबलावर राहिल्या. एकदाच दिलेला ब्लॉक साधारण १२ ते २४ तास टिकतो. तिचा पहाटे साडेतीनला उतरला आणि तोवर पोटात काहीच औषध नसल्याने वेदना एकदम, पूर्ण जोराने आली. चादरीचा काठ मुठीत आवळून ती दात खात पडली होती आणि औषध लागू पडेपर्यंतचा तो तास मला विसरता येत नाही. ब्लॉक चालू असतानाच पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली इतर औषधे वेळच्या वेळी पोटात जायला हवीत, दुखत असो वा नसो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते कसोशीने पाळले आणि अशी रात्र पुन्हा आली नाही.

तेव्हा मावशी, ब्लॉकबद्दल जरूर विचार, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि तुझा मधुमेह भूलतज्ज्ञांना आधी सांग. तंतूला इजा होणे किंवा औषध रक्तात जाणे हे धोके दुर्मीळ असले तरी आहेत. इंजेक्शन चालू असताना कानात गुणगुणले किंवा तोंडाला धातूसारखी चव आली तर लगेच बोल. ब्लॉक किती वाजता दिला ते कागदावर लिहून घे आणि तो कागद रात्री सोबतीला राहणाऱ्याच्या हातात दे.