उलट चित्र, फलक दुसरा: चेहरा सुटला, कारण सापडलं

उलट चित्र म्हणजे पारदर्शक ॲक्रिलिक शीटच्या मागच्या बाजूने रंगवून समोरून बघायचं चित्र; इथे रंगही पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक. दुसऱ्या फलकावरचा बाईचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत सुटून आला. शर्टाच्या कॉलरसाठी लावलेली मास्किंग फिल्म काढताना तिच्या कडेला धरून रंग उचलला गेला आणि दुधावरच्या सायीसारखा सगळा थर वर आला. भुवया, नथ, हनुवटीवरचं गोंदण, सगळं त्या पापुद्र्यात. शीट मागे कोरीच्या कोरी.

मागच्या नोंदीत गालावर दिसलेल्या चंदेरी डागांचा उल्लेख होता. समोरून पाहिल्यावर रंगाच्या मागे पारा चढल्यासारखी चकाकी दिसत होती, ते हेच होतं. रंग आणि शीट यांच्यात हवेची फट पडली की तिथून प्रकाश परततो आणि तो भाग चंदेरी दिसतो. उलट चित्रात असा डाग दिसला की चिकटपणा गेलेला आहे असंच समजावं. वरून कितीही थर चढवले तरी तो भाग परत बसत नाही.

मालिका तीच आहे: ऊसतोडीच्या बायका, तीन फलक, ४५ × ६० सेंमी, ३ मिमी कास्ट (साच्यात ओतून केलेली) शीट. साडीवर पुरुषी फुल शर्ट, डोक्याला घट्ट गुंडाळलेलं फडकं, त्यावर चुंबळ आणि मोळी. हा विषय शीटच्या मागूनच का रंगवायचा, हे पुन्हा विचारलं गेलंय म्हणून थोडक्यात. चित्रकार नलिनी मलानी यांनी हे तंत्र १९८०च्या दशकाच्या अखेरीस भूपेन खख्खर यांच्याकडून घेतलं आणि सीता, ग्रीक कथांतल्या मेडिया आणि कॅसांड्रा अशा, बोलूनही ऐकल्या न गेलेल्या बायका त्यात आणल्या. २००८च्या ‘लिसनिंग टू द शेड्स’मध्ये अशी ४२ उलट चित्रं आहेत. समोरचा पृष्ठभाग गुळगुळीत, ब्रशचा कुठलाच उंचवटा हाताला लागत नाही आणि बघणाऱ्याचं प्रतिबिंब चित्रातल्या बाईवर पडतं. मोळी वाहणाऱ्या बाईकडे बघताना आपला चेहरा तिच्या चेहऱ्यावर यावा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. चित्रकार माधवी पारेख यांनी याच तंत्रात २०११ मध्ये ‘द लास्ट सपर’ केलं, पण त्यांचा रंग भरीव आणि सपाट बसतो. इथे मलानींसारखा वाहून थबकलेला, कडेला गडद होणारा रंग हवाय, आणि नेमका असा पातळ रंगच शीटला धरत नाही.

आता मूळ दुखणं. सुटलेला पापुद्रा उलटा करून भिंगाखाली पाहिला तर त्यात दोन वेगळे दोष दिसतात, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिला दोष. पापुद्र्याची शीटकडची बाजू आरशासारखी गुळगुळीत आहे. म्हणजे रंग शीटवर फक्त टेकला होता, धरला कधीच नव्हता. नवी ॲक्रिलिक शीट इतकी गुळगुळीत असते की पाण्याच्या रंगाला दातच मिळत नाहीत. त्यात संरक्षक फिल्मच्या गोंदाचा अंश आणि बोटांचा तेलकटपणा. जाड थर सुकताना आकसतो आणि खालच्या पातळ रेषेला ओढून घेतो. पावसाळी हवेत सुकलेली ॲक्रिलिक फिल्मही ओलावा पिऊन मऊ पडते, म्हणून हे जुलै-ऑगस्टमध्ये जास्त होतं.

दुसरा दोष फक्त पापण्यांच्या रेषेत आहे. तिथे रेषा पापुद्र्याबरोबर आली नाही, शीटवरच राहिली, पण बोट फिरवलं की भुकटी निघते. ही रेषा रिगर (लांब केसांच्या बारीक) ब्रशने लांब ओढता यावी म्हणून पाण्याने फार पातळ केलेली होती. पाणी वाढलं की रंगकण बांधणारं बाइंडर विरळ होतं आणि सुकल्यावर नुसतं रंगद्रव्य उरतं. यावर उपाय सोपा: रंगाच्या पाव भागाहून जास्त पाणी नाही, पुढचा पातळपणा ग्लॉस मीडियमने (रंगद्रव्य नसलेलं चकचकीत ॲक्रिलिक) आणायचा आणि दोन थेंब फ्लो इम्प्रूव्हर (रंग सहज वाहावा म्हणून घालायचं द्रव). रेषा तेवढीच लांब जाते आणि धरून राहते.

पहिल्या दोषावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे शीट स्पिरिटने पुसणे. त्याने गोंद निघतो हे खरं, पण लेझरने कापलेल्या शीटला स्पिरिट लावू नका. लेझरच्या उष्णतेने कडेला ताण राहतो आणि स्पिरिट लागताच तिथून आत बारीक केसासारखे तडे जातात. थिनर तर कुठल्याच शीटला नको. लेझरनेच कापायचं असेल तर कापल्यावर शीट ८० अंशांवर तास-दीड तास तापवून हळूहळू गार करावी लागते, आणि एवढी मोठी भट्टी घरी कुणाकडे असते? करवतीने कापून घेणं परवडतं. सफाईला कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पुरतो.

पण सफाईने फरक थोडाच पडला. तुकड्यांवर जाळी-चाचणी घेतली: ब्लेडने आडव्या सहा आणि उभ्या सहा रेघा, मध्ये २५ चौकोन, वर चांगली सेलोटेप दाबून झटक्यात ओढायची. नुसत्या धुतलेल्या तुकड्यावरचे निम्म्याहून जास्त चौकोन टेपला आले.

मग घासणी. उलट चित्रवाले शीट घासायला घाबरतात, कारण घासलेली शीट धूसर होते आणि समोरून चित्र धुक्यात गेल्यासारखं दिसेल असं वाटतं. ही भीती आता सोडायला हरकत नाही. ॲक्रिलिक शीटचा अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप) १.४९ आणि ॲक्रिलिक मीडियमचाही जवळपास तेवढाच. म्हणजे ओरखड्यात मीडियम शिरून सुकलं की प्रकाशाला ओरखडा आणि शीट यांत फरकच कळत नाही, आणि धूसरपणा जातो. नुसतं पाणी मारलं तरी तो कमी होतो, पण पुरता जात नाही, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. मीडियम मात्र ग्लॉसच हवं. मॅट मीडियममध्ये चमक मारणारी पूड असते आणि ती समोरून दुधाळ दिसते.

जमलेली कृती अशी. ८०० नंबरच्या वॉटर पेपरने भरपूर पाण्यात गोलाकार घासायचं, नंतर १२००ने. कोरडं घासू नका, शीट तापून तिचे गोळे पेपरला चिकटतात आणि खोल चरे पडतात. घासल्यावर निघालेली पांढरी पूड वाहत्या पाण्याखाली पूर्ण घालवायची, कारण चऱ्यात राहिलेली पूड मीडियमखाली कायमची पांढरी रेघ होऊन बसते. मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. पुसलं की स्थिर वीज तयार होते आणि खोलीभरची धूळ शीटवर येते.

मीडियम १० भाग, पाणी १ भाग. बाटली हलवायची नाही. हळू ढवळून, चहाच्या बारीक गाळणीतून गाळून तासभर झाकून ठेवायचं, म्हणजे फेस बसतो. उलट चित्रात बुडबुडा समोरून टाचणीच्या टोकाएवढा चमकतो आणि नंतर तो काढता येत नाही. म्हणूनच रोलर नको. दोन इंची मऊ सिंथेटिक ब्रशने, शीट आडवी ठेवून, एका दिशेने पातळ हात. या मापाच्या शीटला एका हाताला २५ ते ३० मिली लागतं. ओलं असताना सगळं दुधाळ दिसतं, ते सुकेपर्यंत कुठलाही निष्कर्ष काढू नका. पारदर्शक झाल्यावर दुसरा हात पहिल्याला काटकोनात. एकच जाड हात दिला तर आतला ओलावा अडकून ढगाळपणा राहतो.

अशा तुकड्यावर जाळी-चाचणीत चौकोनांचे नुसते कोपरे झडले, एकही पूर्ण चौकोन टेपला आला नाही. आणि दुहेरी फायदा म्हणजे पातळ रंग आता थेंबाथेंबाने आकसत नाही, पसरतो, थबकतो आणि कडेला गडद रेघ सोडतो. मलानींच्या चित्रांत शरीराच्या कडा जशा विरघळतात त्याच्या जवळ जाणारं काहीतरी पहिल्यांदाच दिसलं.

आता या सगळ्यातली सगळ्यात गोड गोष्ट: गोंदण. उलट चित्रात जे समोर दिसायचं ते आधी रंगवायचं, म्हणून गोंदणाचा ठिपका आतापर्यंत सर्वांत आधी दिला जायचा. पण मग तो कातडीवर टिकली लावल्यासारखा दिसतो. गोंदण कातडीच्या आत असतं. म्हणून आधी नऊ भाग मीडियम आणि एक भाग त्वचेचा रंग असा पारदर्शक हात, तो सुकल्यावर गोंदण (थॅलो हिरवा, किंचित काळा, किंचित गेरू), आणि त्यामागे त्वचेचा भरीव थर. समोरून ठिपका निळसर, कडेला पसरलेला, वर्षानुवर्षांचा दिसतो. उलट, उसाच्या पात्यांनी हातावर काढलेले ओरखडे कातडीच्या वर असतात, ते त्या पारदर्शक हाताच्याही आधी द्यायचे. एकाच दंडावर दोन्ही शेजारी ठेवून बघा: जुनी खूण आत जाते, ताजी वर राहते.

यातून तिसऱ्या फलकाचा बेतच बदलला. तिथे मोळी उचलणारी बाई होती, ती आता नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणात झाल्या आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. पाळीतही फडात जावंच लागतं, खाडा झाला तर पैसे कापले जातात, हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. तिसऱ्या फलकावर शर्ट आणि साडी दोन्ही पारदर्शक हातांनी आधी द्यायची, त्यांच्या मागे पोटावरची टाक्यांची रेघ, आणि तिच्यामागे त्वचा. दोन कापडांमागे असूनही रेघ वाचता आली पाहिजे. साडीच्या हातात रंगाचं प्रमाण बारात एक ठेवून बघायचं आहे. दहात एकला रेघ बुडते.

दुसऱ्या फलकाची शीट घासून, धुऊन तयार आहे, मीडियम अजून दिलेलं नाही. उरलेला जुना रंग कोमट पाण्यात भिजवल्यावर पट्ट्या-पट्ट्यांनी आपसूक निघाला. सगळ्या शीटला मीडियम द्यायचं ठरलं होतं, पण इथवर लिहिताना वेगळंच सुचतंय. मीडियम फक्त बाईच्या आकृतीपुरतं द्यावं आणि बाकीची शीट घासलेलीच, धूसर ठेवावी. पहाटेच्या तोडीला फडात जे धुकं असतं ते रंग न लावता मिळेल. यासाठी फिल्म वापरायची नाही, घासलेल्या पृष्ठभागात तिचा गोंद रुततो. आठ नंबरच्या गोल ब्रशने हातानेच कड धरायची. मीडियम रेषेबाहेर जिथे सांडेल तिथे शीट स्वच्छ होईल आणि आकृतीभोवती उजळ किनार येईल. एक अडचण आहे: धूसर भागावर तेलकट बोट लागलं की तिथेही तसाच डाग उजळतो. म्हणून मागे २ मिमीची दुसरी शीट, मध्ये ५ मिमीचे स्पेसर (अंतर राखणारे तुकडे). मागून काळा एनॅमल (तेलकट रंग) द्यायचा बेत त्यामुळे रद्द. ज्यांना एनॅमल वापरायचंच आहे त्यांनी तो शेवटी वापरावा. एनॅमलवर पाण्याचा रंग कधीच धरत नाही.

सामानाबद्दल दोन शब्द. साइनबोर्डवाल्यांकडे कास्ट शीटचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, पण ‘कास्टच आहे’ या शब्दावर जाऊ नका. त्यांच्याच लेझर मशीनवर कोपऱ्यात एक खूण कोरून घ्या. खूण पांढरी फुटली तर कास्ट, काचेसारखी स्वच्छ राहिली तर एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली). विद्यार्थी दर्जाचे रंग मागच्या थरांना चालतील, पण शीटला लागणाऱ्या पहिल्या थराला नकोत. त्यांतला भराव समोरून खडूसारखा दिसतो. परमनंट मार्करने रेषा काढायचा मोह टाळा, त्याची डाय मागच्या थरात उतरत राहते आणि ओठांच्या कडा महिन्याभरात जांभळ्या होतात. टांगण्यासाठी ४ मिमी स्क्रूला ६ मिमीचं भोक ठेवा. ६० सेंमीची शीट २० अंशांच्या फरकाने पाऊण मिलिमीटरहून जास्त वाढते आणि आवळलेल्या स्क्रूपाशीच तडकते.

सुटलेला चेहरा सिलिकॉन लावलेल्या बेकिंग पेपरमध्ये ठेवला आहे. साध्या बटर पेपरला ॲक्रिलिक पापुद्रा उन्हाळ्यात चिकटून बसतो. गुळगुळीत बाजू शीटकडे करून, ग्लॉस मीडियमच्या ओल्या थरावर मधून कडेकडे दाबत तो तिसऱ्या फलकावर बसवता येईल का, याची चाचणी आधी छोट्या पापुद्र्यावर घ्यायची आहे. हवा अडकू न देता १५ सेंमीहून मोठा पापुद्रा कुणी बसवला असेल तर मीडियम किती पातळ ठेवलं होतं आणि दाबायला रबरी रोलर चालला की हात, एवढं कळवा.