माशी, दोरी आणि तिथी

फ्लाय फिशिंगच्या गोष्टींत मला सगळ्यात आवडतात ती हातांच्या हालचालींची पानं. पुष्कळ जण नेमकी तीच गाळून पुढे जातात.

या प्रकारात गळाला खरं आमिष नसतंच. पीस आणि दोरा गुंडाळून गळाचाच किडा करतात, त्याला माशी म्हणायचं. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर लांब जातच नाही. वजन असतं ते दोरीला. दोरी मागे हवेत पुरती उलगडू द्यायची, मगच काठी पुढे आणायची. मागचं ते थांबणं चुकलं की फेक गेली. पाण्यावर पडल्यावरही प्रवाहानं दोरी ओढली आणि माशी जिवंत किड्यासारखी वाहिली नाही, तर ट्राउट सहसा तोंड लावत नाही.

नॉर्मन मॅक्लीन यांचं 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' १९७६ मध्ये आलं. शिकागो विद्यापीठात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते लिहिलं. मोंटानातली ब्लॅकफूट नदी, वडील आणि दोन मुलगे. धाकटा गळ टाकण्यात सगळ्यांत तरबेज, पण जुगार आणि दारूत बुडत चाललेला. त्याला सावरायचं कसं, ते थोरल्याला उमगत नाही. मग दोघं बोलतात ते पाण्याबद्दल, माशीबद्दल.

हे मला थेट भिडतं, कारण आमचे बाबा असेच. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात फिटर होते, सुट्टीला ऐरोलीच्या खाडीवर गळ टाकायचे. घरात बोलणं मोजकं. पण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी मला लहानपणीच शिकवलं. अष्टमीला सहा. सासर सोडून मी परत आले, तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. "उद्या चतुर्थी, तीनला भरती. येतेस का?" एवढंच. त्या दुपारी शिंगाळ्याचा काटा चुकवून त्याला गळातून कसं सोडवायचं, ते मात्र सावकाश, पुन्हा पुन्हा दाखवत राहिले.

म्हणून एखादा लेखक नदीचा अर्थ समजावू लागला की मी पुस्तक मिटते. दोरी कुठे अडकली ते सांगा, बाकीचं आमचं आम्हाला कळतं.

सध्या आयझॅक वॉल्टन यांचं १६५३ सालचं 'द कम्प्लीट अँगलर' वाचतेय. त्यात पाइक मासा भाजायची सविस्तर कृती आहे: पोटात कालवं भरायची, पौंडभर लोणी घालायचं. बाबांना वाचून दाखवली. कालवं त्यांना पटली, लोणी नाही.